चार्जर आणायला गेलेला माणूस

ट्युनिसच्या विमानतळावर बॅग काट्यावर चढली, आकडा थांबला, आणि दोरसाफने डोळे मिटून घेतले.

"साडेचार किलो जास्त," काउंटरमागची मुलगी म्हणाली.

"पुन्हा एकदा ठेवून बघा ना."

"तीनदा ठेवली, मॅडम. दर वेळी तेवढीच भरते."

बॅगेत काय नव्हतं! कुसकुस, वाळवलेला पुदिना, ऑलिव्ह तेलाचा कॅन, दोन चादरी आणि आईने घरी कुटलेल्या हरिसाच्या सहा बरण्या. लाल मिरचीचं ते झणझणीत वाटण, वर तेलाचा थर, आणि झाकणावर आईच्या जुन्या एप्रनचं निळ्या रेघांचं फडकं घट्ट बांधलेलं. शिवाय हातात, टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलेला, तिचा लॅपटॉप. अकरा वर्षांचा. एका कोपऱ्याला चिकटपट्टी.

"बाळ आहे की तवा?" मागून कोणीतरी विचारलं.

दोरसाफ वळली. खांद्यावर एकच पिशवी अडकवलेला, उन्हाने रापलेला, हसू दाबत असलेला एक माणूस.

"लॅपटॉप आहे," ती फणकारली.

"ओमानला शिकवायला निघालात?"

"हो. मग?"

"तिकडे दुकानं आहेत, बाई. मी स्वतः पाहिली आहेत."

एवढं ऐकलं आणि महिन्याभराचा राग तिच्या तोंडाशी आला. "तुमच्यासारखाच एक आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आहे. मी साधा प्रश्न विचारला, कॉम्प्युटर न्यावा की तिकडे घ्यावा? लोकांनी किती मनापासून उत्तरं दिली! आणि या शहाण्याने काय लिहावं? म्हणे, काहीच आणू नका. नौफल का कोण."

"आगाऊ दिसतो."

"अतिआगाऊ!"

"भेटला तर सुनावतोच त्याला," तो गंभीरपणे म्हणाला आणि आपला पासपोर्ट पुढे सरकवला.

काउंटरमागच्या मुलीने तो उघडून अदबीने विचारलं, "सी नौफल, तुमचं सामान?"

दोरसाफचे कान पेटले. हातातला लॅपटॉप अचानक फार जड वाटायला लागला.

नौफलने पिशवी काट्यावर ठेवली. सहा किलो. "माझे चोवीस किलो रिकामे चाललेत," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्या बरण्या इकडे द्या. आगाऊ माणसं हरिसा चोरत नाहीत."

ग्रुपवर, त्याच्या महिनाभर आधी

*दोरसाफ, टेस्तूर:* नमस्कार. ओमानला गणित शिकवायला निघाले आहे, एका वर्षासाठी. कॉम्प्युटर इथून न्यावा की तिकडे घ्यावा?

*उत्तर:* इथून न्या. तिकडच्या कीबोर्डवर आपली बोटं चुकतात. आपला ए तिकडे क्यूच्या जागी असतो.

*उत्तर:* तिकडे घ्या. बिघडला तर गॅरंटी तिकडचीच चालते. प्लगही वेगळा, तीन पायांचा.

*उत्तर:* न्या, पण आधी सगळे धडे दुसरीकडे उतरवून ठेवा. माझा वाळूने गेला.

*उत्तर:* तिकडची धूळ नव्याला सोसते, जुन्याला नाही. घ्या.

*उत्तर:* दोन्ही करा, ताई. मी दोन्ही केलं आणि दोन्ही बिघडले.

*नौफल, महदिया / इब्रा:* काहीच आणू नका.

बरणी पहिली

ओमानमधलं इब्रा लहान गाव. मुलींच्या शाळेमागच्या इमारतीत दोरसाफला खोली मिळाली, शेजारच्या खोलीत इजिप्तच्या मन्सूराहून आलेली जीवशास्त्राची सौसन. नौफलची मुलांची शाळा खजुरांच्या बागांपलीकडे. तो तिथे भूगोल शिकवायचा, चौथं वर्ष. बाजारात एकच कॉम्प्युटरचं दुकान, कुरियनचं. केरळहून येऊन त्याला वीस वर्षं झाली होती आणि गावातल्या प्रत्येक यंत्राची कुंडली त्याला पाठ होती.

पहिल्याच गुरुवारी दोरसाफ तिथे गेली. प्लग भिंतीत शिरत नव्हता.

कुरियनने टॉवेल उलगडला आणि हात जोडले. "मॅडम, हे मशीन नाही. आजोबा आहेत."

"आजोबा नीट चालतात. फक्त अडॅप्टर द्या."

"अडॅप्टर संपले. सगळे नवे मास्तर घेऊन गेले. नवा लॅपटॉप दाखवू?"

"नको."

"हा घ्या," दारातून आवाज आला. नौफलच्या एका हातात अडॅप्टर होता, दुसऱ्या हातात हरिसाची बरणी.

दोरसाफने बरणी घेतली, निळं फडकं अंगठ्याने चाचपलं. आईने मारलेली गाठ तशीच होती. मग तिच्या लक्षात आलं.

"बाकीच्या पाच?"

"त्या आहेत. घरी. सुरक्षित."

"मग आणल्या का नाहीत?"

नौफल कुरियनच्या कपाटातल्या माऊसकडे फार लक्ष देऊन बघायला लागला. "सगळ्या एकदम दिल्या तर… पुढच्या गुरुवारी काय देणार?"

कुरियन खोकला. खोकला नव्हता तो.

बरणी दुसरी, तिसरी आणि मधले दोन गुरुवार, जेव्हा तो बरणी 'विसरला'

गाव लहान असल्यामुळे भेट दुकानातच, उघड्या दारात, कुरियनसमोर. बोलणंही त्याच एका विषयावर. निदान सुरुवात तरी त्याच विषयावर.

"खरं सांगा, तुम्ही काहीच आणत नाही घरून? एकही वस्तू?"

"दात घासायचा ब्रश."

"का पण?"

"इथे सगळं मिळतं. उन्हाळ्यात जाताना वाटून टाकतो. पंखा एकाला, भांडी दुसऱ्याला. परत आलो की पुन्हा घेतो. हलकं बरं असतं."

"हलकं?" दोरसाफ म्हणाली. "मला तर तुम्ही असे वाटता… जसं कोणी बसस्टॉपवर घर थाटलंय."

नौफल हसला नाही. काउंटरवरचा चहाचा पेला बोटाने फिरवत राहिला, आणि मग सांगितलं. पहिल्या वर्षी त्याने पण खूप आणलं होतं. ज्या मुलीशी ठरलं होतं तिने निवडलेले पडदेसुद्धा. पडदे आले, मुलगी आली नाही. "तेव्हापासून सहा किलो," तो म्हणाला. "आणि तुम्ही? तुम्ही काहीच विकत का घेत नाही? सौसनबाई सांगत होत्या, उशीसुद्धा घरून आणलीत."

"एक वर्षासाठी आले आहे मी. आईला शब्द दिलाय. भाऊ फ्रान्सात, ल्योंला, बाबा नाहीत. घरात ती एकटी. इथे काही घेतलं म्हणजे…" तिला नेमका शब्द सापडेना. "उशी घेतली की उशीला अभ्रा लागतो. मग पलंग बदलावासा वाटतो. मग माणूस राहतो."

"भयंकर," नौफल म्हणाला. "अभ्र्यापासून सावध राहायला हवं."

आता मात्र दोघंही हसले. आणि हसताना दोरसाफला जाणवलं की आज गुरुवार संपत आलाय, आणि पुढचा फार लांब आहे.

बरणी चौथी

ही त्याने बुधवारी दिली. इब्राला बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही. दोरसाफ आणि सौसन बाहेर आल्या तर नौफल कडुनिंबाखाली उभा, एखाद्या शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखा, बरणी दोन्ही हातांत धरून. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्याच्याकडे बघून ओढणीआड हसत होत्या.

"किती वेळ उभे आहात?"

"फार नाही. सावली तिकडे होती, आता इकडे आली, तेवढाच."

"गुरुवार उद्या आहे, सी नौफल."

"माहीत आहे," तो म्हणाला. "उद्यापर्यंत…" आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

घरी जाताना सौसनने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "अगं, हा माणूस हरिसा देतोय की पगार? हप्त्याने?"

"गप गं."

"गप्प बसते. पण बरण्या संपल्या की काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेव."

बरणी पाचवी

डिसेंबरच्या मध्यावर, वर्ग चालू असताना, लॅपटॉप विझला. काही आवाज नाही, काही नाही. फळ्यावरच्या पडद्यावर फिरणारा त्रिकोण होता, तो गेला. दोरसाफने चार्जर हलवला, प्लग बदलला, फुंकर मारली. पंचवीस मुली श्वास रोखून बघत होत्या.

मग तिने ओढणीची सुटलेली दोरी काढली, टोकाला खडू बांधला आणि फळ्यावर वर्तुळ काढलं. वर्ग छान झाला. पुढचा आठवडाभरही वर्ग छानच झाले. मुलींचं काही अडलं नाही.

अडलं होतं ते तिचं.

"चार्जर मेला," कुरियनने निदान केलं. "आजोबा जिवंत आहेत. पण या टोकाचा चार्जर इथे येत नाही, मस्कतलाही नाही. मागवला तर तीन महिने. मॅडम, ऐका माझं. आतली डिस्क काढतो, अकरा वर्षांचे धडे नव्या लॅपटॉपमध्ये भरून देतो. चार्जर लागत नाही त्याला. तासाभराचं काम."

"नको."

"धडे तेच राहतील, मॅडम. एकही त्रिकोण हरवणार नाही."

"म्हटलं ना नको!"

आवाज जरा चढलाच. कुरियनने पेचकस खाली ठेवला. नौफल दारातल्या खुर्चीत बसला होता; पाचवी बरणी त्याच्या मांडीवर होती. 'बघा, मी सांगत होतो' हे वाक्य त्याच्या हक्काचं होतं, पण ते त्याने वापरलं नाही. दोरसाफने हे टिपून ठेवलं, मनात, जिथे ती आजकाल त्याच्याबद्दलचं बरंच काही टिपून ठेवत होती.

तिच्या पर्समध्ये एक कागद होता. शाळेने दिलेला. पुढच्या वर्षी राहणार का? सही फेब्रुवारीच्या सुट्टीनंतर, पहिल्या आठवड्यात. तिने तो कागद चार घड्या करून तळाशी ढकलला होता. आणि रोज एकदा तरी तो अजून तिथेच आहे का ते बघत होती.

"दुसरा चार्जर आहे माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "भावाचा. टेस्तूरला, आईच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात. पण उन्हाळ्याआधी माझं जाणं होणार नाही, आणि आईला पाठवायला सांगितलं तर ती बिस्किटं पाठवेल."

"मी सुट्टीत जातोय," नौफल म्हणाला. "भाच्याची सुंता आहे."

"टेस्तूर तुम्हाला वाटेत नाही. महदिया कुठे, टेस्तूर कुठे!"

"भूगोल मी शिकवतो, बाई."

"तुम्ही तर काहीच आणत नाही."

नौफल उठला. पाचवी बरणी तिच्यासमोर ठेवली. "चार्जर किती जड असतो?" तो म्हणाला.

नौफलने टेस्तूरला काय काय नेलं, आणि का

एक. मबरूका मावशी, वय बहात्तर. कारण ज्या घरात बाई एकटी राहते तिथे परक्या पुरुषाने एकट्याने जाऊन दार वाजवणं बरं दिसत नाही.

दोन. बदामाच्या मिठाईची पेटी, सोनेरी फीत बांधलेली. कारण रिकाम्या हाताने कोणी कोणाकडे जात नाही. फीत दुकानदाराने बांधली, नौफलने नाही.

तीन. काळा कोट. भाच्याच्या समारंभासाठी इस्त्री केलेला होताच. मावशी म्हणाली, घाल.

चार. सहावी बरणी. कारण अनोळखी माणसाला कपाटातली वस्तू कोण देईल? खूण हवी. निळ्या रेघांचं फडकं आईने स्वतः बांधलेलं, तिला लगेच ओळखू येईल.

आणि वार होता शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतरची वेळ.

यातली एकेक गोष्ट सुटी सुटी घेतली तर तिच्यात काहीही वावगं नव्हतं.

फोन

इब्रात तेव्हा संध्याकाळ उतरत होती. दोरसाफ गच्चीवर कपडे काढत होती. फोन कानाला लावला तर आधी आईचा आवाज आलाच नाही. आल्या त्या बायकांच्या जिभा वळवून घातलेल्या ललकाऱ्या, लग्नघरात असतात तशा, एकीवर एक.

"आई? कोणाचं लग्न आहे?"

"कोणाचं आहे म्हणून विचारतेय बघा!" आई शेजारणींना म्हणाली, आणि मग फोनमध्ये, "अगं लबाड! आईला एक शब्द सांगू नये? माझे अर्धे केस विंचरायचे राहिले होते आणि दारात पाहुणे!"

"कोण पाहुणे? आई, तो चार्जर—"

"दिला, दिला. बिस्किटांच्या डब्यात होता. पण माणूस चांगला आहे हो. लाजतो फार. एवढं घामाघूम व्हायला थंडीत काय झालं होतं कोण जाणे. मावशी मात्र एकदम मोकळी. मी कॉफी ठेवली, हमदामामाला हाक मारली, शेजारच्या आल्याच—"

दोरसाफच्या हातातली चादर खाली पडली. "आई… तो चार्जर मागायला आला होता."

"कोट घालून?"

"आई!"

"फीत बांधलेली पेटी घेऊन? शुक्रवारी? मावशीला पुढे करून? मला काय कळत नाही होय?" मग आईचा आवाज जरा खाली आला. "आणि माझी बरणी होती त्याच्याकडे. गाठ सुटलेली नव्हती. माझी हरिसा इतके महिने घरात असून ज्याने गाठ सोडली नाही… असा माणूस परका असतो का गं?"

दोरसाफ गच्चीच्या कठड्यावर बसली.

"मग… पुढे काय झालं?"

"पुढे काय व्हायचं? हमदामामाने हात उघडले, सोयरीक पक्की करायला फातिहा वाचू या म्हणाला. मावशीने उघडले. मी उघडले."

"आणि त्याने?"

"त्याच्या हातात ती तुझी वायर होती. त्याने वायरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. मग त्याने वायर मांडीवर ठेवली, आणि हात उघडले. हळूच. वाचताना रडला की काय अशी मला शंका आहे, पण मावशी म्हणते हरिसाचा वास डोळ्यात गेला."



"आई, मी तुला एक वर्षाचा शब्द दिलाय."

"मी मागितला होता का?"

"तू एकटी—"

"मी एकटी नाही, माझ्याकडे आत्ता अकरा बायका बसल्यात आणि मिठाई संपत आलीय. आपल्या गावच्या मिनाराचं घड्याळ उलटं फिरतं म्हणून काय मी पण उलटी फिरायची? तुझं तू बघ. आणि ते मोडकं यंत्र एकदा सोड, बाई. मला त्याची वायर बघूनच दया आली."

रात्रीपर्यंत नौफलचा फोन आला नाही. आला तो एक मेसेज.

*चार्जर मिळाला. बाकी भेटल्यावर……*

दोरसाफने टिंबं मोजली. सहा होती. सौसनने पण मोजली. "एका बरणीला एक," ती म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून हसत सुटली.

वजन

तो गुरुवारी आला. त्या दिवशी इब्रावर ढग होते, आणि दुपारी बाजारात चक्क चार थेंब पडले. दुकानदार बाहेर येऊन वर बघत उभे राहिले, कोणी हात पसरले, कोणी फोन काढले. धुळीचा वास एकदम बदलला. कुरियनसुद्धा दारात गेला, त्यामुळे आत दोघंच.

नौफलच्या खांद्यावर नेहमीची पिशवी नव्हती. त्याने ओढत आणली होती एक भली मोठी बॅग, चाक तुटलेली, दोरीने आवळलेली.

"हे काय?"

"तुमच्या आईने दिलं. हरिसा बारा बरण्या. डाळिंबं. चीज, ते मी पाण्यात भिजवलेल्या कापडात ठेवलंय. एक रजई. विमानतळावर काटा पाहिला…" तो थांबला. "साडेनऊ किलो जास्त. आयुष्यात पहिल्यांदा."

"मग काय केलंत?"

"डोळे मिटून घेतले. तुम्ही घेतले होते तसे."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

नौफलने खिशातून चार्जर काढला. वायर नीट गुंडाळलेली, वर निळ्या रेघांची फडक्याची पट्टी बांधलेली. त्याने तो काउंटरवर ठेवला, तिच्या आणि आपल्या मधोमध.

"हे बघा," तो म्हणाला. वाक्य त्याने विमानात घोकलेलं असणार, कारण तो भिंतीकडे बघून बोलत होता. "चूक माझी आहे. मावशीला नेलं, पेटी नेली. मला तिथेच सांगायला हवं होतं. सांगणार होतो. पण तुमच्या आईने इतक्या… माझ्याकडे चार वर्षांत कोणी असं पाहिलं नव्हतं. मला ते परत करता आलं नाही. पण तुम्हाला नको असेल तर मी आज फोन करतो. सांगतो, गैरसमज झाला. लाज वाटेल ती माझी. तुमच्यावर काही येणार नाही."

बाहेर पाऊस थांबला होता की वाढला होता, कळत नव्हतं.

"आणखी एक विचारायचं होतं," तो म्हणाला, आता तिच्याकडे बघून. "कुरियन डिसेंबरमध्येच म्हणाला होता. धडे काढायला चार्जर लागत नाही. तासाभराचं काम."

"म्हणाला होता."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग मला टेस्तूरला का पाठवलंत?"

दोरसाफने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, दोन महिने तेच तर देत आली होती. नवा नको, एकच वर्ष, आईला शब्द दिलाय. पण बाहेर पडलं ते निराळंच.

"आईने तुला बघावं म्हणून."

बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. ते खरं होतं. डिसेंबरपासून खरं होतं, आणि तिला आत्ता कळत होतं. 'तू' सुद्धा आपोआप आलं होतं, न विचारता, जसा एखादा घरचा माणूस दार न वाजवता येतो.

नौफल काउंटरला धरून उभा राहिला. "पुन्हा… एकदा म्हण."

"तीनदा म्हटलं तरी तेवढंच भरेल," ती म्हणाली, आणि आता मात्र तिला हसू आलं, डोळ्यांतून पाणीही आलं, आणि हरिसाची एकही बरणी उघडी नव्हती.

त्याने हात पुढे केला. काउंटरवर, चार्जरच्या पलीकडून. तिच्या बोटांच्या अलीकडे एक वीतभर थांबवला. उरलेली वीत तिने पार केली.

कुरियन आत आला, परत बाहेर गेला आणि दारातून मोठ्याने म्हणाला, "मी पाऊस बघतोय! मी काही बघत नाही!"

"कुरियन, या आत," दोरसाफने ओढणीने डोळे पुसले. "नवा लॅपटॉप दाखवा."

"पण मी चार्जर आणलाय!" नौफल म्हणाला. "आयुष्यात एकदा काहीतरी आणलं, आणि—"

"तो घरी लागेल. आजोबा घरी बसतील, त्यांच्यावर सिनेमे बघू." 'घरी' म्हणताना ती जराशी अडखळली, पण शब्द मागे घेतला नाही. "शाळेसाठी नवा. इथला. इथल्या कीबोर्डचा. माझी बोटं शिकतील, अजून म्हातारी नाही झालीत."

कुरियनने तीन खोकी काउंटरवर मांडली. दोरसाफने पर्स उघडली, तळाशी हात घातला आणि तो चार घड्यांचा कागद काढला. खोक्यावरच ठेवून सरळ केला.

"पेन आहे का कोणाकडे?"

नौफलने खिसे चाचपले. सगळे. कोटाचे पण. "नाही," तो म्हणाला. "मी काही आणत नाही ना."

"इथे मिळतं," कुरियन म्हणाला आणि कानावरचं पेन काढून दिलं.

ग्रुपवर, पुढच्या जुलैत

*ओलफा, झगवान:* नमस्कार. सप्टेंबरपासून ओमानला शिकवायला जातेय. एक वर्षच. कॉम्प्युटर इथून न्यावा की तिकडे घ्यावा? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

*नौफल, इब्रा:* आणा. जुना असला, जड असला तरी आणा. वजन जास्त झालं तर रांगेत मागे कोण आहे ते बघा.

*दोरसाफ, इब्रा:* त्यांचं ऐकू नका. इथेच घ्या. पण जुनाही घेऊन या. फक्त चार्जर आईकडे ठेवा.